तांड्यावरची एक्सप्रेस कॉफी

— न्हाई न्हाई ताई, तिकडं नका बसू, तिकडून सगळा धूर तुमच्या अंगावर येतो, इकडं या, ह्या बाजेवर बसा — आन् ती पर्स मांडीवर कशाला धरून बसल्या, ठिवा की खाली, इथं कोण नेतं. जीपवाला? तो काय लौकर येत न्हाई. चाक घेऊन सेनगावला गेला म्हंजे आधी पंक्चर निघंल, मंग त्याला तिथं कोणी वळखीचं भेटंल, मंग पान खाईल, मंग येईल. ह्या वळणावर कोणाची ना कोणाची जीप बसतच असती, आन् माणसं मह्या दारात सावलीला येतेत. बाकीचे कुठं गेले — लिंबाखाली? झोपू द्या, गडीमाणसं हायेत. तुमी बसा. पाणी घेतलं ना? आता कॉफी पाजते.

चहा न्हाई भेटायचा ताई, चहाची पत्तीच आणत न्हाई आमी. आन् कॉफी म्हंजे ती पुडीतली न्हाई, दुधात टाकली की विरघळली, ती नव्हं. हे बगा कढईत काय हाय — शेंगदाणे वाटले ना? सगळ्यायला शेंगदाणेच वाटतेत. कॉफीच्या बिया हायेत ह्या. आधी हिरव्या असतेत, वाळल्या गवताचा वास येतो, हातात धरलं तं वाटंल हे काय माणसाचं खाणं हाय. मंग पिवळ्या पडतेत, तवा भाकरी भाजल्यावानी वास सुटतो. आता बगा, जरा गप बसा — ऐकलं? तड. हरभरा फुटावा तसं. हे पहिलं फुटणं. आता हा हलवायचा सराटा थांबवायचा न्हाई, थांबवला की एका अंगानं करपल्या. थोड्या वेळानं परत फुटतेत, पण बारीक, फोडणीत मोहरी तडतडती ना तशा, ते ऐकू आलं की कढई खाली, मंग देव जरी दारात आला तरी थांबायचं न्हाई, सुपात ओतायचं आन् पाखडायचं. हे फोलपट उडालं बगा. पाखडायला मला कोणी शिकवावं लागलं न्हाई.

ह्या आजच्या न्हाई पाजत तुमाला. आज भाजलेली आज प्यायची नसती, दोन दिवस मडक्यात दम खाऊ द्यायचा, न्हाई तं नुसता फेस येतो. परवाच्या हायेत, त्या कुटल्यात मघाच. आता चुलीवर कूकर ठिवते आन् — काहून मागं सरकल्या? नळी बघून? अहो ती नळी तशीच हाय, बसवलेली हाय, कूकर फुटलेला न्हाई. बसा. सांगते. पहिल्यापासून सांगते म्हंजे भीती जाईल.

आमचा म्हातारा ट्रकवर होता. प्रेमसिंग राठोड — घ्या, नाव घेतलं तोंडानं, तुमच्यापायी. वसमतची हळद भरायची आन् पार खाली केरळात न्यायची, येताना चिकमंगळूरहून कॉफीची पोती भरून वर. मी लग्न होऊन आले तवापासून ट्रकवरच. महिन्यातून दोन-तीन दिवस घरी, तेबी झोपायला. पोरगी झाली, पोरगा झाला, दोघं मोठी झाली, पोरीचं लग्न झालं, पोरगा पुण्याला कंपनीत लागला — सगळं इथं मी बघितलं. शेत मी केलं. सोयाबीन नवी नवी आली तवा आमच्या तांड्यात पहिली मी पेरली, तांड्याचा नाईक, म्हंजे आमचा मुखिया, म्हणे शकुंतला येडी झाली, दुसऱ्या साली त्यानं मह्याकडूनच बी नेलं. आन् हा काय करायचा? यायचा, अंघोळ करायची, जेवायचं, पोराच्या डोक्यावर हात फिरवायचा, झोपायचं. बोलणं म्हंजे — कसं हाय? बरं हाय. पाहुण्यासंग तरी माणूस जास्त बोलतं. मी बी कधी विचारलं न्हाई. दमलेल्या माणसाला काय विचारावं, म्हणायचे मी. आता वाटतं विचारायला पायजे होतं, पण तवा शेण काढायचं असायचं, दळण असायचं, कोणाला येळ होता.

मंग हिंगोली जिल्हा झाला ना, त्या साली तो घरी आला. कायमचा. एका डोळ्याला रात्री समोरच्या गाडीचा उजेड फुटून दिसायला लागला, दोन दिव्यांचे चार दिवे. कोणी काही म्हणायच्या आत त्यानं सोताहून चावी मालकाच्या हातात दिली. मला बरं वाटलं, खोटं काहून बोलू. पंधरा दिवस लई बरं वाटलं. मंग सुरू झालं — मीठ इथं काहून ठिवतीस, बैल असा काहून बांधला, हे दार आत काहून उघडतं, बाहीर उघडायला पायजे. अरे बाबा, तू ट्रकवर होता तवापासून आतच उघडतं ते. आन् चहा दिला की एक घोट घ्यायचा आन् कप खाली. रोज. कधी म्हणायचा न्हाई की मला चहा आवडत न्हाई. नुसता कप खाली. आन् मंग अंगणात रस्त्याकडं तोंड करून बसायचा, ट्रक गेला की न बघता सांगायचा, टायर जुने हायेत, लोड जास्त हाय. मला वाटायचं, घरात माणूस आलं न्हाई, एखादं पाखरू येऊन बसलं, आन् ते बी चुकून.

एकदा माणिकराव आला. त्याचा जुना जोडीदार, अजून ट्रकवर हाय. सेनगावला गाडी थांबवून मुद्दाम इथवर आला आन् हिरव्या बियांचं गाठोडं देऊन गेला. मी तूर सोंगायला शेतात. ह्या बाबानं काय केलं — मही भाकरीची कढई घेतली — भाकरीची न्हाई, कालवणाची — आन् चुलीत ही एवढी लाकडं कोंबली. मला शेतातून धूर दिसला. तांड्यातली माणसं घागरी घेऊन पळाली, हरिचंद नाईकानं तं भरली घागर छपरावर ओतली. मी धापा टाकत आले तं हा मधी उभा, कढईत कोळसा, डोक्यावरून पाणी गळून राहिलं, आन् म्हणतो कसा, काही न्हाई, कॉफी करून राहिलो. सगळ्यायसमोर त्या कोळशाची भुकटी केली, पाण्यात उकळली, घोट घेतला. डोळ्यातून पाणी वाहून राहिलं ताई, तरी म्हणतो, बराबर हाय. नाईक म्हणे, प्रेमसिंग, बराबर असंल तं मला बी दे. मंग दिली. नाईक अजून बी मह्या दारापुढून जाताना घाई करतो.

कढई घासता घासता मला एवढा राग आला, दुसऱ्या दिवशी मीच बसले चुलीपुढं. म्हटलं, सर बाजूला. हुरडा कधी भाजला का, नागपंचमीच्या लाह्या कधी फोडल्या का — न्हाई ना, मंग बस तिथं. तो बसला. रंग कसा यायला पायजे तेवढं त्यानं सांगितलं, इस्तू किती ठिवायचा ते मी बघितलं. भाजल्या. खलबत्त्यात कुटल्या. पातेल्यात उकळून फडक्यानं गाळली. मी घोट घेतला आन् अंगणात जाऊन थुंकले, खोटं कशाला. आन् त्यानं घोट घेतला, डोळे मिटले, आन् म्हणे, चारमाडी.

म्हटलं काय?

म्हणे, चारमाडीचा घाट हाय तिकडं. अर्ध्या चढावर एक म्हातारी झोपडीत कॉफी द्यायची. अशीच लागायची.

आन् मंग सुरू झाला ताई. एकदा भर पावसात त्या घाटात ब्रेक लागंना, गाडी डोंगराला घासत घासत थांबवली, खाली उतरला आन् भिजत त्या झोपडीत शिरला. त्या म्हातारीनं काही विचारलं न्हाई. त्याला बसवलं आन् पेला हातात दिला, आन् त्याच्या हातातून सांडंल म्हून पेल्याला खालून सोताचा हात लावून ठिवला. ही कवाची गोष्ट, तं पोरगा रांगत होता तवाची. मी हिशेब केला, तवा तो घरी आला होता, जेवला होता, झोपला होता, आन् मी विचारलं होतं कसं हाय, आन् तो म्हटला होता बरं हाय. मी म्हटलं, मला सांगितलं काहून न्हाई? तो म्हणे, तू विचारलं न्हाई. म्हटलं, आन् तू सांगितलं न्हाई. दोघं बी एकमेकाकडं बघत बसलो, आन् मंग काय झालं की हसायलाच लागलो. काही हसण्यासारखं नव्हतं, तरी.

मंग तसंच पडलं, बिया माणिकराव फेरीला आला की टाकून जायचा. भाजायचं मी, कुटायचं त्यानं, आन् घोट घेतला की डोळे मिटून एक गाव काढायचं. जरा जास्त भाजली तं शिराडी घाट. हलकी राहिली तं हासन, तिथं त्याला ताप भरला होता, ट्रकखाली दोन दिवस पडून होता. मंगळूरला समुद्र बघितला तं पहिल्यांदा त्याला वाटलं पूर आला. अशा गोष्टी. मी बी प्यायला लागले मंग. गुळाचा खडा दाताखाली धरून. थांबा, तुमाला बी देते खडा, तयार ठिवते.

हां, आता कूकरचं. तर मंगळूरलाच बंदराजवळ एका मोठ्या हॉटेलात त्यानं मशीन बघितली होती, चांदीवानी चकचकीत, फुसफुस करायची आन् अंगठ्याएवढ्या कपात कॉफी द्यायची, जहाजावरची माणसं उभ्या उभ्या प्यायची. नाव एक्सप्रेस कॉफी. मी म्हटलं एक्सप्रेस तं रेल्वे असती. तो म्हणे, न्हाई, पाणी थांबतच न्हाई तिच्यात, मागून वाफेचा जोर, भुकटीतून सरळ पार. आन् ते त्याच्या डोक्यात बसलं. घरी करायची. महा लहान कूकर, पोरानं पहिल्या पगारात आणलेला, तो काखेत मारून सेनगावला वसरामकडं घेऊन गेला. वसराम ट्रॅक्टर दुरुस्त करतो. दोघांनी मिळून झाकणाला भोक पाडलं. पोरानं दिलेल्या कूकरला भोक. मी दोन दिवस बोलले न्हाई.

पण करामत बघा — ही तांब्याची नळी आत पार बुडापर्यंत जाती, पाण्यात. वाफ वर कोंडती, पाण्याला खाली दाबती, पाणी बिचारं कुठं जाईल, नळीतून वर. हितं ह्या पितळी वाटीत भुकटी, वर जाळी, आन् ह्या तोटीतून कॉफी खाली. शिट्टी तिच्या जागी हाय, जास्ती झालं की ती उडती. आता काही होत न्हाई, बसा.

तवा झालं. काय झालं की खलबत्त्याचा कंटाळा आला म्हून त्यानं जात्यावर दळली, पिठावानी, तिचा झाला चिखल आन् वाट बंद. मी आत होते. असा आवाज झाला की बैलानं दावं तोडलं. कोणाला लागलं न्हाई, देवाची दया, पण भिंत, छप्पर, सगळं तांबडं, आन् दोरीवर महा फेटिया वाळत टाकलेला. फेटिया म्हंजे आमचा घागरा, आरशांचा. मह्या मायनं शिवलेला, मह्या लग्नाचा. तीजेचा सण तोंडावर होता म्हून ऊन द्यायला काढला. पुढच्या अंगाला हा एवढा डाग. मी तसाच हातात धरून उभी राहिले, आन् तो म्हटला — भिऊन म्हटला, आता कळतं मला, पण म्हटला — जुनाच तं होता.

मंग मी बोलले. लई बोलले. तो म्हणे, हे घर ट्रक चालवून उभं केलं मी. मी म्हटलं, उभं केलं असंल, पण ह्यात राहिलं कोण?

आन् मी गेले भावाकडं. आखाडा बाळापूरला असतो महा भाऊ, प्रेमदास. न्हाई, भांडून न्हाई गेले. तांड्यात सांगितलं भावजयीला बरं न्हाई. म्हंजे — भावजय दारात धुणं आपटून राहिली होती, धडधाकट, आमच्या घरात तिच्याइतकी तब्येत कोणाची न्हाई. आन् थोडेच कपडे घेतले होते. म्हंजे सगळेच घेतले, पण कपडे हायेतच किती बाईमाणसाला. फेटिया तेवढा त्याच्या अंगावर टाकून दिला, म्हटलं, जुना हाय, ठिव तुलाच. आन् भाजलेल्या कॉफीचा डबा उचलला, गच्च भरलेला. त्याच्यासाठी एक बी ठिवली न्हाई. म्हटलं बस आता चहा पीत.

झाली बगा. आवाज बदलला, ऐकलं? आता पडंल — पडली. काळी दिसती पण वर बगा, सोन्यावानी साय. एवढीच असती ताई, एवढीच प्यायची असती, पेला भरून न्हाई. धरा गुळाचा खडा. घ्या. कडू लागलं? तोंड वाकडं करा, लाजू नका. दुसरा घोट घ्या. हां. तिसऱ्याला कळतं.

तर बाळापूरला तीज तिथंच झाली. भावाचं घर चांगलं, काही तकलीफ न्हाई, भावजय काम करू देईना. आन् एका बाजाराच्या दिवशी हा आला. दाढी वाढलेली, खांद्याला पिशवी. अंगणात बसला. भावजयीनं चहा दिला तं मुकाट्यानं प्याला, सगळा, तिनं अजून दिला तं तो बी प्याला, मी दारातून बघून राहिले. मंग पिशवीतून फेटिया काढला. डाग काही निघाला नव्हता. मंग ह्यानं काय केलं, नरसीला जाऊन देवळापुढच्या दुकानातून आरसे आणले आन् त्या डागावर सोताच शिवले. एका डोळ्यानं. आमच्या बाया आरसा लावतेत तो बोटाच्या नखाएवढा, बारीक टाका, चारी अंगानं. ह्याचे आरसे रुपयाएवढे, कोणता वर, कोणता खाली, आन् टाके म्हणाल तं दाभणानं घातलेले, जाड दोऱ्याचे, ट्रकच्या ताडपत्रीला मारतेत ना तसे. ताडपत्रीच शिवली होती जन्मभर, त्याला दुसरे टाके कुठून येणार. भावजय हसून हसून भिंतीला टेकली. मी बी हसले. तो म्हणे, पावसात बी उसवायचा न्हाई. आन् उठला. चल म्हटला न्हाई. मी येते म्हटलं न्हाई. गेला एस.टी.ला.

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं आले मी.

न्हाई, फेटियासाठी न्हाई आले. तो तसंच सांगतो सगळ्यायला, म्हणतो फेटिया दाखवला आन् आली पाठोपाठ. सांगू द्या, मी काही खोडत न्हाई. होळीला घातला बी मी तो, नाचले बी, सगळा तांडा त्या आरशांला हसला, तो एका बाजूला उभा राहून ताठ झाला होता. पण खरं सांगू का — तुमी काय, आता जीपमध्ये बसाल, परत कुठं भेटायच्या, म्हून सांगते — मी त्याच्यासाठी न्हाई आले. कॉफीसाठी आले. खरंच. सवय लई वाईट असती ताई. बाळापूरला ही अशी कॉफी भेटंना, डोकं दुखायचं, कशात मन लागंना, मंग म्हटलं ऱ्हाऊ द्या मानपान, जावं आपल्या चुलीपाशी. एवढंच. म्हाताऱ्याचा काही संबंध न्हाई.

असं काय बघून राहिल्या?

काय — डबा? कोणता ड — हां. डबा. व्हय, डबा होता की मह्यापाशी. भरलेला होता. न्हाई, संपला नव्हता, अर्धा तं परत आणला मी. करायचे की, रोज दिवस मावळताना करायचे भावजयीच्या पातेल्यात. चांगली व्हायची. भाऊ बी प्यायचा, म्हणायचा, अक्का, चांगली हाय. रोज तेच. चांगली हाय. अरे चांगली हाय म्हंजे काय, मला बी कळतं चांगली हाय ते. डोळे मिट ना जरा. कुठली लागती ते सांग ना —

जीप आली वाटतं तुमची. आलीच. उठा. पेला ठिवा तिथंच, मी धुते. पर्स घ्या. आन् तो बगा, डोक्यावर कडब्याची पेंढी, तोच येऊन राहिला बांधावरून. विचारंल तुमाला कॉफी कशी होती, विचारतोच सगळ्यायला. बरी होती म्हणा आन् चढा गाडीत. बाकीचं काही काढू नका. जा, जा आता.